एक मीटर वीसवरची शांतता

सकाळी सव्वासातला वारा पडला आणि चाकणच्या पलीकडच्या माळावर एकच धावपळ उडाली. वारा ताशी अठरा किलोमीटरच्या वर गेला तर चाचणी बाद, रस्ता ओला असला तर बाद, दूरवर कुत्रं भुंकलं तरी बाद. मोटारसायकलचा आवाज मोजायचा म्हणजे आधी साऱ्या जगाला गप्प करावं लागतं, आणि जग काही तुरंग मोटर्सच्या पगारावर नाही. म्हणून वारा पडला की पळायचं.

कल्याणी पांचाळ मात्र वारा पडायच्या आधीपासूनच पळत होती. बेचाळीस वर्षांची बाई, कंपनीच्या ध्वनी विभागाची प्रमुख, हाताखाली चौदा माणसं. पण एका जागी उभं राहणं तिच्या कुंडलीतच नव्हतं. ती माईकच्या तिवईपाशी गेली, टेप लावून उंची मोजली, परत आली, पुन्हा गेली. उंची एक मीटर वीस सेंटिमीटर. रस्त्याच्या मध्यरेषेपासून अंतर साडेसात मीटर. डावीकडे एक माईक, उजवीकडे एक. हे सगळं तिच्या माणसांनी आधीच मोजलेलं होतं आणि ती तिसऱ्यांदा मोजतेय हे पाहून ते एकमेकांकडे बघून हसत होते.

गाडी ताशी पन्नासच्या वेगाने आली. पहिल्या पांढऱ्या रेषेवर स्वाराने मूठ पूर्ण पिळली, वीस मीटर गाडी सुसाट गेली, दुसऱ्या रेषेवर त्याने मूठ सोडली. पडद्यावर आकडा उमटला: चौसष्ट पूर्णांक आठ डेसिबल. मर्यादा पासष्टची.

"झालं!" दिघे सरांनी टाळी वाजवली. दिघे म्हणजे कंपनीचे मुख्य अभियंते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, आणि त्यांची सगळी मदार या नव्या गाडीवर होती. "सोमवारी मान्यतेच्या कागदांवर तुझी सही झाली की सुटलो. कल्याणी, तू आहेस म्हणून ही कंपनी आहे, बरं का."

हे निव्वळ कौतुक नव्हतं, खरंच होतं. मोटारसायकलला दोन तोंडं असतात. एकाने ती हवा ओढते, दुसऱ्याने धूर सोडते. लोक बिचाऱ्या सायलेन्सरच्या नावाने खडे फोडतात, पण मोठा गोंगाट टाकीखालच्या हवेच्या डब्यातूनही येतो; दर श्वासाला इंजिन घोरतं म्हणा ना. तो मारायच्या युक्त्या जुन्याच होत्या. सायलेन्सरमध्ये कप्पे करायचे, म्हणजे आवाजाची लाट भिंतीवर आपटून उलटी फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेला मारते. हवेच्या डब्याला एक बंद पोकळी जोडायची. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एकाच सुरात बोलते, तशी ही पोकळी एकच सूर गिळते. पण प्रत्येक कप्पा आणि प्रत्येक पोकळी इंजिनाचा श्वास थोडा कोंडते. गाडी गप्प होते आणि चढावर धापाही टाकते. २०३९च्या कायद्याने मर्यादा फार खाली आणली, चौकाचौकात आवाज मोजणारे खांब रोवले आणि खांब घरपोच दंड पाठवू लागले, तेव्हा इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांच्या निम्म्या कंपन्यांनी हात टेकले.

कल्याणीने हात टेकले नाहीत. दोन तोंडांचे आवाज वेगवेगळे मारत बसण्याऐवजी तिने त्यांना एकमेकांच्या अंगावर सोडलं. दोन्ही आवाज एकाच इंजिनाचे, एकाच ठेक्यातले. एकाची लाट वर असताना दुसऱ्याची खाली असली, तर जिथे त्या भेटतील तिथे शांतता. श्वासाच्या वाटेवर लांबी बदलणारी सरकती नळी, धुराच्या वाटेवर एक झडप, आणि दोघींना सेकंदाला हजार हुकूम सोडणारा काडेपेटीएवढा संगणक. इंजिनाचा श्वास मोकळाच्या मोकळा आणि माईकपाशी मात्र सारं चिडीचूप. कंपनीने या यंत्रणेला 'मौन' नाव दिलं. गेल्या सव्वा वर्षात 'मौन' बसवलेल्या अकरा लाख गाड्या रस्त्यावर आल्या होत्या.

दिघे पेढे मागवायला गेले आणि तेवढ्यात कल्याणीचा फोन वाजला. नाशिकहून तिचा थोरला भाऊ केदार.

"रविवारी मी अप्पांना इकडे आणतोय," केदारने नमनाला घडाभर तेल घातलं नाही. "शनिवारी डॉक्टर बोकीलांची वेळ घेतलीय, मीही येतोय. तू बुधवारी जा आणि त्यांची हत्यारं बांधून ठेव. मी बांधायला लागलो की ते भांडतात."

"हत्यारंही नेतोयस?"

"नेत नाहीये. बांधून माळ्यावर टाकायची. इथे आणली की परत सुरू होतील." तो थांबला. "कल्याणी, परवा शाळेची पेटी परत आली. चुकीची जुळवली म्हणून. अप्पांनी जुळवलेली पेटी! पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं."

कल्याणी चालत चालत माळाच्या कुंपणापर्यंत पोचली होती. ती म्हणाली, "जाते बुधवारी."

त्यांचे वडील एकनाथ पांचाळ पेट्या जुळवत. लोखंडी नव्हेत, हार्मोनियमच्या. टेकडी रोडच्या चढावर तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि त्यातली मोठी खोली पेट्यांची होती. दोन्ही मुलांची नावं या माणसाने रागांवरून ठेवली. त्यातला केदार विमा कंपनीत लागला आणि कल्याणीने आवाज मारण्याचा धंदा पत्करला. अप्पांनी त्यावर कधी तक्रार केली नाही. त्यांची तक्रार आठ महिन्यांपूर्वी सुरू झाली, आणि ती अशी होती की घर घुमतं.

"छातीत घुमतंय गं," ते म्हणायचे. "पेटीचा सूर लावायला घेतला की त्याच्यावर बसतंय."

सकाळी साडेसहाला घुमतं आणि दुपारी अडीचला घुमतं. रविवारी घुमत नाही. त्यावर केदार म्हणाला की अप्पांना भाससुद्धा वेळापत्रकाने होतात. कल्याणी रविवारीच यायची आणि तिला कधी काही ऐकू आलं नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की यांचे कान पन्नाशीच्या माणसासारखे आहेत. पालिकेकडे तक्रार केली तेव्हा एक माणूस येऊन रस्त्याच्या कडेला तिवई लावून गेला. एकोणसाठ डेसिबल, तक्रारीत तथ्य नाही. वर चढून या म्हणून अप्पांनी गयावया केली, तर तो म्हणाला, आजोबा, नियमात जिना नाही.

आणि कल्याणीने स्वतःच वडिलांची समजूत घातली होती. "अप्पा, आकडा खोटं बोलत नाही."

"आकडा कुठे उभा होता?" अप्पांनी विचारलं होतं. ती हसली होती. आवाजाच्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या बाईने त्या प्रश्नाला हसावं, याचं नवलच म्हणायचं.

बुधवारी दुपारी ती पोचली तेव्हा अप्पा खिडकीपाशी बसले होते, हात मांडीवर ठेवून. समोर शाळेतून परत आलेली पेटी उघडी पडली होती. कल्याणीने खोका मांडला आणि एकेक वस्तू कागदात गुंडाळायला घेतली. बारीक कानशी, चिमटे, भात्याचं कातडं, ताटलीभर पितळी सूर. बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या त्या. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. लहानपणी तिला ही ताटली हाताळायची परवानगी नव्हती. आता ती कागदाच्या चुरगळ्यात बांधत होती आणि अप्पा काहीच बोलत नव्हते, हे तिला सोसवेना. ती उठली, पाणी प्याली, परत बसली, परत उठली.

"नाशिकला हवा चांगली आहे," ती म्हणाली.

"हं."

"दादाकडे तळमजला आहे. जिना नाही. गुडघ्यांना बरं."

"कल्याणी," अप्पा म्हणाले, "मी वेडा झालोय असं तुला वाटतं का?"

ती उत्तर जुळवत होती तोवर ताटलीतले सूर वाजले.

कुणी हात लावला नव्हता. तरी पितळी पट्ट्या ताटलीत थरथरत होत्या. मागोमाग फरशीतून, भिंतीतून आणि मग थेट बरगड्यांतून एक घुमारा चढत आला. जाड, भरलेला, खाली-वर डोलणारा. कल्याणीने खिडकीतून वाकून पाहिलं. कारखान्यांची पाळी बदलली होती आणि टेकडी रोडच्या चढावर मोटारसायकलींची रांग लागली होती. पन्नास, साठ, जास्तच. तिने कानांवर हात ठेवले तरी छातीत घुमतच होतं.

ती धावत सुटली. चपला न घालताच जिना उतरली. दुसरा मजला: आवाज आहे, पण कमी. पहिला मजला: मागच्या खोलीत रेडिओ लावावा इतकाच. रस्त्यावर येऊन ती फुटपाथवर उभी राहिली आणि तिच्या पुढून गाड्या गेल्या, टायरची सरसर आणि साखळ्यांची किरकिर करत. बाकी काही नाही. तिथे खांब उभा होता, एक मीटर वीस सेंटिमीटरवर त्याचा काळा माईक, आणि वर हिरवा आकडा: साठ. एक भाजीवाली मावशी तिच्या अनवाणी पायांकडे बघत होती.

ती पुन्हा वर धावली. फोनमधला आवाजमापक प्रत्येक मजल्यावर धरला. साठ. अडुसष्ट. पंच्याहत्तर. अप्पांच्या खिडकीत, चौऱ्याऐंशी.

आवाज म्हणजे ऊर्जा, आणि ऊर्जा कुठे नाहीशी होत नाही. दोन लाटा एका जागी एकमेकींना मारतात, तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी जागी त्या हातात हात घालून दुप्पट होतात. हे अकरावीतल्या पोराला ठाऊक असतं, कल्याणीलाही होतं. 'मौन'च्या पहिल्या अहवालात तिने एक ओळ लिहिली होती: 'उर्वरित ध्वनी वरच्या दिशेने आकाशात विखुरतो.' माळावर ते खरंच होतं. नियमच तसा आहे की माईकभोवती पन्नास मीटरपर्यंत घर नको, भिंत नको, मोठं झाड नको. अशा रिकाम्या माळावर वीस वर्षं काम केलं की वर फक्त आकाश असतं असं माणसाला वाटायला लागतं. तिलाच नव्हे, तिच्या चौदा माणसांना, दिघ्यांना, मान्यता देणाऱ्यांना, सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. माईक वर न्यावा असं कुणाच्या मनातही आलं नाही.

ती दारात धापा टाकत उभी राहिली. अप्पा तिच्या तोंडाकडे बघत होते.

"तुला येतोय," ते म्हणाले.

तिने मान हलवली.

अप्पांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. आठ महिने या माणसाने एकट्याने ते ऐकलं होतं. मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला आणि ते घाईघाईने बोलू लागले, जणू कुणी तरी येऊन त्यांना गप्प करील. "अगं, एक नाही, दोन सूर आहेत ते. एक ओढणारा, एक सोडणारा. भाता ओढताना आणि दाबताना कसं, तसं. दोन पट्ट्या एकाच सुराच्या पण केसभर फरकाच्या असल्या की डोलतात ना, तसं डोलतंय बघ. आणि मी खाली जाऊन ऐकलंय. खाली दोघं भांडतात आणि वर एक होतात. हे आपोआप होत नाही, कल्याणी. कुणी तरी बसून जुळवलंय हे." त्यांनी बोट उचललं. "आणि हात चांगला आहे त्याचा. फार चांगला हात आहे."

कल्याणीला वडिलांची शाबासकी आयुष्यात दोनदा मिळाली होती, आणि ही तिसरी होती.

फोन वाजला. पडद्यावर केदारचा चेहरा, मागे त्याचं ऑफिस.

"बांधलंस का? अप्पा काय म्हणतायत? अडीच वाजून गेले, आज घुमलं की नाही?" तो अर्धवट चेष्टेने म्हणाला, मग गंभीर झाला. "तू तिथेच आहेस ना? मला खरं सांग, तुला काही ऐकू आलं?"

तिच्या डोक्यात त्या क्षणी अकरा लाख गाड्या होत्या. सोमवारची सही होती. चौदा माणसं होती, दिघे होते, अहवालातली ती ओळ होती. हो म्हटलं की पुढचं सगळं सांगावं लागणार होतं.

"नाही," ती म्हणाली. "नाही रे. तसं काही नाही."

खिडकीबाहेर शेवटच्या काही गाड्या चढत होत्या. ताटलीत एक पट्टी अजून वाजत होती. अप्पा तिच्याकडे बघत राहिले, मग उठले. गुडघ्यांवर हात टेकत खोक्यापाशी आले, बाहेर राहिलेली शेवटची कानस उचलून धोतराच्या टोकाला पुसली आणि स्वतःच आत ठेवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर तिने गाडी कडेला घेतली आणि पालिकेच्या तक्रारींचं पान उघडलं. ते सगळ्यांना खुलं असतं, कुणी बघत नाही इतकंच. 'आवाज', 'घुमणे', 'तथ्य आढळले नाही'. एका शहरात चार हजार सहाशे तक्रारी, सगळ्या बंद केलेल्या. तिने मजल्याचा रकाना वाचायला सुरुवात केली. तिसरा. दुसरा. तिसरा. चौथा. तिसरा. तळमजल्याची एकही तक्रार नव्हती. शेरेही लिहिलेले होते: 'तक्रारदार वृद्ध', 'तक्रारदार एकट्या राहतात', 'कुटुंबीयांशी बोलणे झाले'. चढावरचे रस्ते, चौकांजवळचे रस्ते, जिथे मूठ पिळावी लागते ते सगळे रस्ते. किती अप्पांना आतापर्यंत गोळ्या सुरू झाल्या असतील हे मात्र त्या पानावर नव्हतं. तिने फोन पालथा ठेवला आणि बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं आपटत राहिली.

गुरुवारी ती दिघ्यांसमोर उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही. तिने सगळं सांगितलं, आकडे दाखवले. दिघे चष्मा काढून पुसत राहिले.

"अहवालात तू लिहिलंयस ना? आकाशात जातो म्हणून."

"आकाशात लोक राहतात, सर. तिसऱ्या मजल्यावर."

"आपण नियम कुठला मोडला?"

"एकही नाही."

"मग?" दिघे चिडले नव्हते, आणि त्यामुळेच त्यांना उत्तर देणं अवघड होतं. "हे बघ, आज तू संगणकाला हुकूम दिलास की आवाज वर पाठवू नकोस, तर तो खाली येईल. किती?"

"एकाहत्तर, बहात्तर."

"म्हणजे उद्या सकाळी अकरा लाख माणसं कामाला निघतील आणि पहिल्याच खांबापाशी गुन्हेगार ठरतील. त्यांनी काय केलंय? आणि नव्या गाडीला मान्यता नाही, म्हणजे कारखाना बंद. हे सगळं कशासाठी, तर नियमात नसलेल्या उंचीसाठी." ते पुढे झुकले. "दोन वर्षं दे. नव्या रचनेत आपण हे गुपचूप सुधारू. तोवर वडिलांना तुझ्याकडे आण. तळमजला शोध, मी मदत करतो. त्यांचा त्रास थांबला म्हणजे झालं ना?"

यात काही खोट काढता येत नव्हती. अप्पा तळमजल्यावर आले की त्यांना आवाज येणार नाही. आवाज थांबला की केदार म्हणेल, बघ, जागा बदलली आणि भास गेले. डॉक्टर म्हणतील, गोळ्यांनी गुण आला. अप्पाही कदाचित तसंच मानतील, किंवा मानल्यासारखं दाखवतील. मग एक माणूस उरलेलं आयुष्य आपल्याच कानांवर अविश्वास ठेवून काढील. ज्या कानांवर त्याने पन्नास वर्षं घर चालवलं त्या कानांवर.

"विचार करते," ती म्हणाली. शुक्रवारी तिने विचारच केला, म्हणजे कारखान्याच्या आवारात सोळा फेऱ्या मारल्या. सहीचे कागद टेबलावर आले होते. त्यातल्या एका ओळीखाली तिचं नाव छापलेलं होतं: 'सदर वाहनाच्या ध्वनीबाबत मला ज्ञात असलेली सर्व माहिती सादर केली आहे.'

शनिवारी सकाळी अकराला मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर हेमलता बोकीलांच्या दवाखान्यात तिघंही हजर होते. बोकीलबाई शांत, पांढऱ्या केसांच्या, पेनाचं टोपण नीट लावून बोलणाऱ्या. त्यांनी कानाचा अहवाल वाचला, पालिकेचा वाचला, शाळेच्या पेटीची हकिकत ऐकून घेतली. अप्पा विचारलं तेवढंच सांगत होते. धोतर, इस्त्रीचा सदरा, मांडीवर हात. ते हात तीन दिवसांत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

"वयाप्रमाणे होतं असं," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदू स्वतःच आवाज तयार करतो. रोजची झोपेची एक सौम्य गोळी सुरू करू. थोडी सुस्ती येईल. बारीक कामं मात्र आता करू नयेत." मग कागदावरून नजर न काढता त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "घरात हा आवाज आणखी कुणाला येतो का?"

"नाही," केदार म्हणाला. "ही बुधवारी दुपारभर तिथेच होती. विचारा हवं तर."

डॉक्टरांनी वर पाहिलं. अप्पांनी पाहिलं नाही. ते मुद्दाम भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होते, लेकीला नाही म्हणताना अवघड जाऊ नये म्हणून. ते कल्याणीला कळलं आणि तिला उभ्याउभ्या स्वतःची शरम वाटली.

"मला येतो," ती म्हणाली. "बुधवारी आला. मी खोटं बोलले, दादा."

केदार तिच्याकडे बघतच राहिला.

"तो भास नाहीये. तो आवाज खरा आहे आणि तो मी तयार केलाय. मीच वर पाठवलाय, तिसऱ्या मजल्यावर."

डॉक्टर बोकीलांनी हळूच दुसरा कोरा कागद पुढे ओढला.

"तुमचं वय?" त्यांनी अगदी मायेने विचारलं.

"बेचाळीस. डॉक्टर, मी..."

"हा आवाज तुम्ही पाठवता असं तुम्हाला केव्हापासून वाटतंय?"

"वाटत नाहीये. पाठवते."

"झोप लागते?"

"नाही. बुधवारपासून नाही."

"बसता का जरा? सारखं उभं राहावंसं वाटतं का?" डॉक्टर केदारकडे वळल्या. "तुमच्या घराण्यात आधी कुणाला असा त्रास होता?"

केदारच्या चेहऱ्यावरची भीती खरी होती. आठ महिने अप्पांनी हीच भीती समोरच्यांच्या चेहऱ्यांवर पाहिली असणार, तिच्याही चेहऱ्यावर. आपण खरं बोलतोय आणि समोरचा ते लक्षण म्हणून लिहून घेतोय, हे काय असतं ते तिला दोन मिनिटांत कळलं. तिने डॉक्टरांच्या हातातला तो कोरा कागद मागून घेतला आणि टेबलावर वाकून लिहायला लागली. स्वतःचं नाव, हुद्दा, कंपनीचं नाव. 'मौन' काय करतं ते चार ओळींत. टेकडी रोडचे चारही मजल्यांचे आकडे. हे मी पाहिले, मी मोजले, आणि याला माझी रचना जबाबदार आहे. खाली सही केली. सोमवारी त्या छापील ओळीखाली सही करायची नाही, तिथे याच कागदाची प्रत जोडायची, हे लिहितालिहिताच ठरून गेलं. पुढे काय होईल याचा अंदाज तिला होता, आणि तो चांगला नव्हता.

डॉक्टरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. "हे सगळं तांत्रिक आहे," त्या जरा गोंधळून म्हणाल्या. "तुम्ही मोजलंत म्हणता, पण तेव्हा तुमच्याबरोबर तिथे कुणी होतं का? खात्री देईल असं?"

केदारने मान खाली घातली. तो नाशिकला होता.

अप्पांनी दिनदर्शिकेवरची नजर काढली. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले आणि टेबलापाशी लेकीच्या शेजारी उभे राहिले.

"मी होतो," ते म्हणाले. "तिला नीट ऐकू आलं. तिच्या सहीखाली माझं नाव घाला, डॉक्टर. मी साक्षीदार आहे."